वानराचं उष्टं

माझ्या बी.एस्सी.च्या पदवीचा सासरी पहिला उपयोग झाला तो देवीसाठी, आणि पहिल्या खेपेला तोही धड झाला नाही. पदवी वनस्पतिशास्त्राची होती. सांगलीच्या कॉलेजात तीन वर्षं पानं-फुलं कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली होती, त्यामुळे झाडांमधलं मला सगळं कळतं असा माझा ठाम समज होता. रुखवतातल्या भांड्यांबरोबर तो समजही मी सासरी घेऊन आले.

सासर म्हणजे सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या माळावरचं एक पुनर्वसनाचं गाव. माणसं मूळची कोयनेच्या खोऱ्यातली, पाटण तालुक्यातली. धरणाचं पाणी चढायला लागलं तसं अर्धं गाव डोंगरात वर सरकलं आणि उरलेल्या अर्ध्याला ट्रकमध्ये बसवून या माळावर आणून सोडलं. ज्यांना पाऊस थांबायची वाट बघायची सवय, त्यांना आता पाऊस यायची वाट बघावी लागत होती. मी लग्न होऊन आले तेव्हा या गोष्टीला दहा-बारा वर्षं झाली होती आणि मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. नवरा फौजेत, वर्षातून एकदा रजेवर येणार. घरात सासूबाई आणि मी. मी शेजारच्या गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची. सासूबाई घर, दोन म्हशी आणि देवी सांभाळायच्या.

देवी आमच्याच घरात राहायची. सोप्यात एका पाटावर तिचा तांदळा होता. तांदळा म्हणजे कोरलेली मूर्ती नव्हे, शेंदूर माखलेली एक शिळा, दोन वितींची. माझे सासरे ती मांडीवर घेऊन ट्रकमधून आले होते. ते वारले, आणि देवीची पूजा सासूबाईंकडे आली. सकाळ-संध्याकाळ ओल्या लुगड्याने पूजा करायची, त्यात खंड पडू द्यायचा नाही. त्यामुळे इतक्या वर्षांत त्यांनी एक रात्र घराबाहेर काढली नव्हती. सख्ख्या भावाच्या मुलीच्या लग्नालाही त्या अक्षता टाकून परतल्या होत्या, असं शेजारणी सांगायच्या.

मी नवी होते. विचारलं, "आवं आत्याबाई, गावात एवढी जागा आहे. देवीला एक देऊळ का बांधत नाही?"

"ती द्येवळात बसत न्हाई," त्या म्हणाल्या. "तिला तिचं झाड लागतं."

ते झाड ओवळीचं. शहरात ज्याला बकुळ म्हणतात तेच, पण बंगल्याच्या फाटकापाशी लावतात तसलं नव्हे. जुन्या गावाच्या वर देवराई होती, तिच्यात तिघांच्या कवेत न मावणारी ओवळ होती, आणि तिच्या बुंध्याशी देवी बसायची. गाव बुडालं, पण राई उंचावर असल्याने वाचली. आता नव्या जागी तसं झाड लावलं की प्रश्न मिटला, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं. सांगलीतल्या कुठल्याही बागेतून मी बकुळीची पाच रोपं आणून दिली असती. पण देवीच्या झाडाचं बी माणसाने निवडायचं नसतं, असा या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम होता. झाडावरचं फळ तोडायचं नाही. वानराने खाऊन टाकलेलं, त्याचे दात लागलेलं जे खाली पडेल, तेच बी देवीच्या झाडाचं. वानर म्हणजे मारुतीचं रूप, त्याचं उष्टं म्हणजे प्रसाद. असल्या बियांचं झाड जोवर नव्या गावात रुजत नाही, तोवर देवी इथे पाव्हणी.

आणि देवी पाव्हणी म्हणून सगळं गावच पाव्हणं. जत्रा नाही, पालखी नाही. लग्न ठरलं की पहिली पत्रिका घेऊन कोणीतरी एस.टी.ने कोयनेच्या डोंगरात जायचं आणि ओवळीखालच्या देवीच्या रिकाम्या जागेपुढे ती ठेवून यायचं. घरांना कोणी पक्की भिंत घालत नव्हतं. "गावाला जाऊन येतो" असं म्हटलं की पाण्याखालचं गाव समजायचं. तरणी पोरं मुंबईची वाट धरत होती, कारण जिथे देवीच टेकली नाही तिथे आपण कशाला मुळं धरायची, असा सगळ्यांचा हिशेब होता. याआधी दोनदा माणसं जाऊन उष्टी फळं घेऊन आली होती. एक कोंब आला नव्हता. म्हातारे म्हणायचे, देवीच्या मनात इथे राहायचं नाही.

सासूबाईंना हे बोलणं लागायचं. एकदा म्हशीची धार काढता काढता त्या मला म्हणाल्या, "मी हाय तवर तिला तिच्या झाडाखाली बसवायची हाय. माज्यामागं ह्या पोरास्नी कुटली द्येवी आन् कुटलं झाड. समदी पांगत्याली."

मी म्हणाले, "आत्याबाई, मी उगवून दाखवते."

मला आजही त्या वाक्याचं हसू येतं.

पहिल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गेले. कराडला गाडी बदलली, पाटणला बदलली, कोयनानगरला उतरून पुढे डोंगर चढले. वर सरकलेल्या वस्तीत देवीचा म्हातारा गुरव राहायचा. देवी इकडे आली तरी तो रिकाम्या जागेपुढे रोज दिवा लावत होता. मी कोण, कशाला आले, ते सांगितल्यावर त्याने मला आपल्या घरात ठेवून घेतलं आणि सकाळी राईत नेलं. जाताना नेम सांगितला, "झाडाला हात लावायचा न्हाई. खाली पडल्यालं उचला, तेबी दात लागल्यालं. आन् धुवायचं न्हाई."

"का नाही?"

"परसाद कुनी धुतंय व्हय, बाई?"

झाडावर काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरं बसली होती. करड्या अंगाची, शांत, मोठ्या घरच्या माणसांसारखी. फांदीवरून फळ ओढायची, चावायची आणि खाली टाकायची. मी दोन तासांत टोपलीभर उष्टी फळं गोळा केली, ओल्या फडक्याने झाकली आणि विजयी मुद्रेने परत आले. माळावर एस.टी. थांबली तर हलगी वाजत होती. सासूबाईंनी संध्याकाळच्या पूजेत खंड नको म्हणून घराच्या दारातच उभं राहून माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

परसात मी वाफा केला. माती चाळली, शेणखत घातलं, बोटाने खळगे करून एकेक फळ जसंच्या तसं पुरलं. सासूबाईंनी वाफ्याला हळदकुंकू वाहिलं. त्या वर्षी पाणी लांबून आणावं लागत होतं, तरी अंघोळीचं, तांदूळ धुतल्याचं सगळं पाणी वाफ्याला गेलं. शाळेतल्या मुलांना मी बीजांकुरणाचा धडा शिकवताना ऐटीत सांगितलं की बाईंच्या घरी प्रत्यक्ष बघायला या. मुलं आली. पहिल्या महिन्यात आली, दुसऱ्या महिन्यात आली, मग यायची बंद झाली. वाफ्यात माठाची भाजी उगवली, गवत उगवलं. ओवळ काही उगवली नाही.

शेवटी मी एक खळगा उकरला. गराचा काळा चिखल झाला होता आणि त्यात लाल मुंग्यांची वसाहत होती. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मास्तरीन, तुज्या बुकात उगावलं असंल बग."

मला भयंकर राग आला. सासूबाईंचा नव्हे, माझा. लोकांच्या नजरेत पुन्हा तेच, देवीच्या मनात नाही. आणि या वेळी तर शिकलेली सून पाठवली होती. त्या आठवड्यात दोन घरांनी सामान बांधलं आणि ती मुंबईला भावकीकडे निघून गेली. माझ्यामुळे गेली असं कोणी म्हणालं नाही, पण सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. रागाच्या भरात मी सगळा वाफा उपसून काढला, एकेक अवशेष धुतला आणि ताटात मांडला. तेव्हा पहिल्यांदा मी त्या बियांकडे नीट बघितलं, जे खरं तर पुरण्याआधी बघायला हवं होतं.

निम्म्या फळांत बीच नव्हतं. नुसती फोडलेली टरफलं. उरलेल्यांत जे होतं ते बारीक, मऊ, फिकं. ओवळीचं पक्कं बी तपकिरी असतं, कठीण आणि चकचकीत, बोटांतून सटकणारं. हे ते नव्हतंच. म्हणजे मी टोपलीभर आणली ती कोवळी फळं होती. आतलं बी दुधाळ असतानाच वानराने दाढेखाली फोडलेलं, आणि नको ते टाकलेलं. थोडी पिकलेली होती, पण ती गरासकट कुजली होती. प्रसाद धुवायचा नाही ना.

मग माझ्या डोक्यात प्रश्न आला. वानर जर बी खाऊन टाकतं, तर राईतली ओवळ लावली कोणी?

दुसऱ्या उन्हाळ्यात मी पुन्हा निघाले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता आनी किती लाज काढनार हाईस?" नवऱ्याने पत्रात लिहिलं, मी इकडे शत्रूवर नजर ठेवतो, तू तिकडे माकडांवर ठेव. या खेपेला टोपली नेली नाही. एक वही आणि शिदोरी घेतली आणि गुरवाच्या घरी पाच दिवस राहिले. रोज उजाडताच राईत जाऊन एका करवंदीच्या जाळीआड बसायचं आणि नुसतं बघायचं.

वानरं यायची ती पानं खायला. पानं, कळ्या, हिरवी फळं. पिकलेल्या, नारिंगी झालेल्या फळांकडे ती फारशी वळतच नव्हती. दुपार कलली की त्यांचा कळप निघून जायचा, आणि मग दुसरी मंडळी यायची. लाल तोंडाची, आखूड अंगाची, डोक्यावर केसांचा भांग पाडलेली माकडं. यांचं सगळंच घाईत. भांडण, खाकरणं, एकमेकांच्या हातातलं ओढणं. पण ती हिरवं फळ तोडत नव्हती. नारिंगी तेवढं बरोबर हेरायची, आणि खात नव्हती तर गालात कोंबायची. एक, दोन, पाच, सात. गालफडं लोंबेपर्यंत. मग झाडावरून उतरून पळ काढायची आणि शंभरेक पावलांवर ओढ्यातल्या कातळावर जाऊन बसायची. तिथे मात्र निवांत. हाताच्या पालथ्या मुठीने गाल दाबून एकेक फळ तोंडात आणायचं, चोखायचं, गर गिळायचा आणि बी थू करून टाकायचं.

मी जाळीतून उठून कातळापाशी गेले. माकडं शिव्या देत लांब झाली. कातळाच्या कडेला, कपारीत, ओल्या मातीत बिया पडल्या होत्या. तपकिरी, चकचकीत, गराचा कण नसलेल्या. आणि त्यांच्यामध्ये गेल्या, त्याच्या आदल्या पावसाची ओवळीची रोपं उभी होती. वीतभर, हातभर, कमरेएवढी. मी मोजायला लागले आणि मोजणं सोडून दिलं. मग परत मोठ्या ओवळीखाली जाऊन बघितलं. दाट सावली, सडलेल्या फळांचा थर, किडे. तिथे एकही रोप नव्हतं.

कॉलेजात आम्हाला फूल आणि मधमाशी शिकवली होती. एकाने दुसऱ्याला घडवलं, हजारो पिढ्यांत, न ठरवता. पण ते पुस्तकात होतं. इथे मला ते समोर बसून थुंकताना दिसत होतं. फळ कच्चं असताना हिरवं, पानांत लपलेलं, तुरट, चिकाने जीभ जड करणारं, कारण आतलं बी अजून तयार नाही. बी पक्कं झालं की फळ रंग बदलतं, आणि हा रंग हेरणारा डोळा माकडाकडे आहे. ज्या माकडांना नारिंगी लवकर दिसलं ती जास्त खाऊन जगली, आणि ज्या झाडांची फळं जास्त नारिंगी झाली त्यांच्या बिया जास्त लांब गेल्या. गर बियाला चिकटलेला, चटकन सुटत नाही, म्हणून बसून चोखावा लागतो. बी गुळगुळीत आणि टणक, चावायच्या भानगडीत पडण्यापेक्षा थुंकणं सोपं. आणि माकड भित्रं, भांडखोर, चोर, म्हणूनच ते झाडाखाली बसून खात नाही, गालात भरून पळतं. त्याच्या ज्या खोडीबद्दल सगळा मुलूख त्याला दगड मारतो, तिच्यावरच त्या राईचा संसार चालला होता. मला इतका आनंद झाला की मी एकटीच मोठ्याने हसले.

मी बिया ओच्यात भरून घेतल्या. गुरव मागून येऊन उभा राहिला होता.

"बाई, त्या वानराच्या न्हवत," तो म्हणाला.

"माहीत आहे, बाबा. पण वानर बी फोडून खातं. तुमच्या राईतली ही सगळी रोपं माकडाने लावलीत. बघा की तुम्हीच."

त्याने कातळाभोवती फिरून बघितलं. बराच वेळ बघितलं. म्हातारा या राईत जन्म काढलेला, पण दिवा लावायचा तो ओवळीखाली, ओढ्याकडे कशाला जाईल? "वानर म्हंजी मारुती," तो शेवटी म्हणाला. "माकड म्हंजी चोर. आता द्येवाच्या दारात चोरानं झाड लावलं म्हनायचं व्हय?" मग माझ्या ओच्यात डोकावून म्हणाला, "दात लागल्यालं हायती न्हवं? मंग न्या. मी काय बगितलं न्हाई."

घरी आल्यावर मी बिया सासूबाईंच्या पुढे ठेवल्या. त्यांनी एक बी उचलून बोटांत फिरवलं. "किती सोच्छ केल्यात वानरानं," त्या कौतुकाने म्हणाल्या. मी गप्प बसले. कारण होतं. सासूबाई लग्न होऊन कोयनेच्या खोऱ्यात आल्या तेव्हापासून त्यांचं आणि लाल तोंडाचं हाडवैर होतं. नाचणीच्या राखणीला त्या माळ्यावर गोफण घेऊन बसायच्या, आणि तरी एका वर्षी डोळ्यादेखत सगळं शेत माकडांनी झोडलं होतं. एका नराने त्यांच्या हातातली भाकरी नेली होती आणि वर चापट मारून गेला होता. ते सांगताना वीस वर्षांनीही त्यांचा आवाज चढायचा. नव्या गावातली एकच गोष्ट त्यांना पसंत होती, इथे माकडं नव्हती.

या खेपेला मी डालड्याच्या डब्यांना भोकं पाडून त्यांत बिया लावल्या. दीड महिन्याने एका डब्यात माती उचलली गेली. दुसऱ्या दिवशी वाकडी मान काढून कोंब वर आला. आठवड्यात अकरा डब्यांत अकरा. गाव बघायला लोटलं. ज्यांनी देवीच्या मनात नाही म्हणून सांगितलं होतं तेच आता मला वाट करून देत होते. सासूबाई रोज पूजा झाली की डब्यांना पाणी घालायच्या आणि हात जोडून म्हणायच्या, "वानरा, बाबा, तुजं उपकार फिटायचं न्हाईत." अकराही रोपं त्यांनी एका हिवाळ्यातून आणि एका कडक उन्हाळ्यातून पोटच्या पोरासारखी काढली. एकाला कीड लागली तर रोज सकाळी पान न् पान उलटून पुसायच्या.

आणि प्रत्येक वेळी त्यांनी वानराला हात जोडले की मी पाठ फिरवून दुसऱ्या कामाला लागायची. खोटं मी बोलले नव्हते, हे खरं. पण खरंही बोलले नव्हते. आषाढातल्या मंगळवारी झाड जमिनीत लावायचं ठरलं. लावायच्या आधी गावातला सर्वांत वडीलधारा माणूस सगळ्यांसमोर विचारतो, बी कोणी दिलं, आणि आणणाऱ्याने उत्तर द्यायचं, असा नेम होता. म्हणजे देवीसमोर मला तोंड उघडावं लागणार होतं.

चार दिवस आधी दुपारी आम्ही सोप्यात जोंधळे निवडत बसलो होतो. मी सांगून टाकलं.

सासूबाईंचा हात सुपावर थांबला. "लाल तोंडाचं?"

"हो."

"त्या चोरट्याचं उष्टं?"

"उष्टं पण नाही, आत्याबाई. थुंकलेलं."

त्यांनी उरलेले जोंधळे निवडले, सूप भिंतीला लावलं आणि त्या उठून गेल्या. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. डब्यांना पाणी घातलं, पण हात जोडले नाहीत. मला वाटलं, संपलं. यांच्या हातून इतकी वर्षं जे नेमाने झालं ते मी एका दुपारी मोडलं. रडायला आलं ते मी चुलीच्या धुरावर ढकललं.

तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता त्यांनी एकदम विचारलं, "तू डोळ्यांनी बगितलंस?"

"पाच दिवस."

"गिळत न्हाई?"

"गर गिळतं. बी टाकतं."

"झाडाखालीच का टाकत न्हाई?"

"भितं. लांब पळून जातं आणि मग टाकतं."

"आन् झाडाखाली पडल्यालं?"

"ते मरतं, आत्याबाई. आईच्या सावलीत ऊन मिळत नाही, वर सगळी कीड तिथेच. जे लांब पडतं तेच जगतं."

त्यांनी भाकरी उलटली. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि पुढची घेतली.

मंगळवारी सगळं गाव मोकळ्या पटांगणात जमलं. मधोमध माझा डालड्याचा डबा, त्यात हातभर उंचीचं सर्वांत जोमदार रोप, शेजारी पाटावर देवी. जुन्या गावचे पाटील आता सगळ्यांत वडीलधारे होते. त्यांनी डोक्याला पटका नीट केला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "बी कुनी दिलं?"

मी तोंड उघडलं, पण काय बोलणार होते ते आजही मला सांगता येणार नाही. कारण माझ्या आधी सासूबाई पुढे झाल्या.

"माकडानं," त्या म्हणाल्या. "लाल तोंडाच्या."

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग एकच गलका झाला. कोणी म्हणालं चेष्टा आहे, कोणी म्हणालं बाटवलं. पाटील ओरडले, "वैनी, शुद्धीवर हाय का? माकडाचं थुंकल्यालं द्येवीला?"

"व्हय, थुंकल्यालं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला. नाचणीच्या राखणीला गोफण घेऊन त्या कशा उभ्या राहत असतील ते मला त्या वेळी दिसलं. "दोनदा तुमी वानराचं आनलं, एकदा ह्या पोरीनं आनलं. एक तरी उगावलं? वानर बी फोडून खातंय, आन् आपुन त्येच्या पाया पडतुया. हिनं पाच दिस बसून बगितलंय. राईतली समदी झाडं त्या चोरानं लावल्याली हायती. द्येवीला हे ठावं न्हवतं व्हय? तिच्या डोळ्यांम्होरं लावलीत. आपल्यालाच ठावं न्हवतं."

"पर वैनी, थुंकल्यालं..."

"आन् आपुन कोन?" त्यांचा आवाज आता खाली आला, त्यामुळे मागचे लोक पुढे सरकले. "आपल्याला काय पालकीत बसवून आनलं हितं? ट्रकात भरलं, लांब न्येलं आन् थुंकलं ह्या माळावर. थुंकल्यालंच हाय आपुन समदी. मी इतकी वरसं म्हंतीया, आईपासनं तुटलो, आता मेलो. ही पोर म्हनली, आईच्या सावलीत ऱ्हातं ते मरतं, लांब पडतं ते जगतं. बगा की इकडं तिकडं. पोरं झाली, नातवंडं झाली. मेलोय व्हय आपुन?"

एका बाईने कडेवरचं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. पाटील रोपाकडे बघत उभे होते. नंतर ते खाली वाकले आणि डब्यातलं एक पान दोन बोटांत धरून बघितलं, जसं बाजारात कापड बघतात तसं. सरळ झाले, डोक्याचा पटका काढून खांद्यावर टाकला आणि हात पुढे करून कोणाकडून तरी पहार घेतली.

"वैनी," ते म्हणाले, "खड्डा कुटं घ्यायाचा?"

सासूबाईंनी पायाच्या अंगठ्याने जमिनीवर रेघ ओढली. "हितं," त्या म्हणाल्या. "गावाच्या मधी."